पाचांतला उरलेला

माझी भावजय स्नेझिना नदीकाठच्या रुसे शहरात ट्रॉलीबस चालवते. वरच्या तारांवरून बसचे दांडे निसटले की ती हातमोजे चढवून खाली उतरते, मागे जाऊन दोरी ओढून दांडे पुन्हा तारेला लावते आणि वाटेत आडव्या आलेल्या गाडीवाल्यांना शिव्या घालत परत येऊन बसते. हसली की अख्ख्या बसला ऐकू जायचं. माझ्या भावाने, ओग्न्यानने, तिला पहिल्यांदा तिच्याच बसमध्ये पाहिलं. तो बंदरात मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि मोजकंच बोलतो. लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "बाई गं, हा तुला दिवसातून चार शब्द देईल." ती म्हणाली, "बरं झालं ताई, उरलेले मी वापरीन."

मूल होईना तेव्हा ती दोघं वार्न्याच्या दवाखान्यात जायला लागली. समुद्रकाठचं वार्ना आमच्यापासून गाडीने तीन तासांच्या वाटेवर आहे. पहिल्या खेपेला काही रुजलं नाही. दुसऱ्या खेपेला रुजलं आणि पडलं. तिसऱ्या खेपेलाही पडलं, आणि त्यानंतर स्नेझिनाने घरातलं पाळण्याचं चित्र असलेलं कॅलेंडर उतरवून कपाटामागे सारलं. पोटात घ्यायची इंजेक्शनं ती डेपोतल्या बायकांच्या खोलीत घ्यायची. तिथल्या सगळ्याजणी तिच्या बाजूच्या. कोणी खुर्ची द्यायचं, कोणी पाठ करून दारात उभं राहायचं.

चौथ्या खेपेला डॉक्टर हाजीएवा म्हणाल्या, की या वेळी भ्रूण आत ठेवण्याआधी त्यांची गुणसूत्रं तपासून घेऊ. स्नेझिनाचं वय त्रेचाळीसला टेकलं होतं. वय वाढतं तशा बीजांमध्ये चुका वाढतात, तेव्हा चुकीचे भ्रूण आधीच बाजूला काढले तर तिला पुन्हा पुन्हा तेच भोगावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब. पाच भ्रूण तयार झाले. तपासायला पेशी पाठवल्या आणि भ्रूण गोठवून ठेवले. निकाल ऐकायला त्यांनी बोलावलं तेव्हा ओग्न्यानची गाडी गॅरेजात होती, म्हणून मी माझी काढली. स्नेझिना म्हणाली, "ताई, तू बाहेर नको बसूस, आत चल. हा काही ऐकत नाही आणि मला काही आठवत नाही."

हाजीएवाबाई सडपातळ, थकलेल्या. बोलताना समोरच्याकडे बघून बोलायच्या, एवढं मला आवडलं.

"चार भ्रूण वापरता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पाचवा मोझॅक आहे."

"म्हणजे चांगला की वाईट?" स्नेझिनाने विचारलं.

"सांगते. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून आम्ही चार-पाच पेशी काढतो. त्या थराची पुढे वार होते. बाळ होतं ते आतल्या गोळ्यातून, त्याला आम्ही हात लावत नाही. तुमच्या या भ्रूणाच्या काही पेशींमध्ये गुणसूत्रं बरोबर आहेत आणि काहींमध्ये एक जास्त आहे. दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या."

"मग आत काय आहे?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. कधीकधी चुकीच्या पेशी मागे पडतात, बाळ धडधाकट जन्माला येतं. मी अशी बाळं पाहिली आहेत. बरेचदा रुजत नाही, किंवा पडतं. आणि क्वचित कधी चूक बाळात उतरते."

तोवर ओग्न्यान खिडकीकडे बघत बसला होता. तो वळला. "जास्तीचं कुठलं?"

"एकविसावं. म्हणजे डाऊन सिंड्रोम."

तो उठला. खुर्ची नीट आत सारली, बाईंना मान लववली आणि बाहेर गेला. खिडकीतून तो खाली गाड्यांमध्ये सिगारेट ओढताना दिसला. स्नेझिनाने माझ्याकडे पाहिलं. मी माझी पर्स आवरत बसले. एकविसावं म्हणजे काय, ते आमच्या घरात मला आणि त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला मात्र आमच्या घरची ती गोष्ट माहीत नव्हती.

"माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" तिने बाईंना विचारलं.

"मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आत ठेवलात तर पुढे पोटातल्या पाण्याची तपासणी करता येईल. ठेवायचा नसेल तर गोठवलेला राहील. आत ठेवायला मात्र दोघांची संमती लागेल."

परतताना वाटेतलं शुमेन गाव मागे पडल्यावर स्नेझिना मागच्या सीटवरून म्हणाली, "ओगी, तुला घाबरट म्हणू की दुष्ट?" त्याने रेडिओ लावला. तिने पुढे झुकून तो बंद केला.

रविवारी आम्ही सगळे आईकडे जेवायला जमतो. आई, गेर्गिना, त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. ऐंशीच्या घरातली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. घेवड्याचं सूप वाढता वाढता तिने विचारलं, "काय म्हणाली मग ती वार्न्याची?"

"एक उरलाय, आई," स्नेझिना म्हणाली. "मोझॅक आहे."

"मोझॅक? आपल्या जिन्यावर घातलंय तसलं?"

"हो, तसलंच. थोडे खडे चांगले, थोडे खराब."

"काय तरी एकेक. आमच्या वेळी पोरं नुसती व्हायची. आता तुम्ही निवडून घेता, बाजारातल्या टोमॅटोसारखी दाबून-दाबून."

"तुम्ही न दाबता घेतलंत, आई, म्हणूनच हा असा मिळाला मला," स्नेझिनाने ओग्न्यानच्या खांद्यावर चापट मारली. ती हसवायला बघत होती. तिला वाटत होतं, हसला तर पाघळेल.

ओग्न्यानने चमचा खाली ठेवला. "आईनेही निवडलंच होतं," तो म्हणाला.

आईच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. मी म्हटलं, "ओगी, गप बस." पण तो पहिल्यांदाच गप बसायला तयार नव्हता.

"हिला सांगा की कोणीतरी. या वेनेताताईनंतर," तो माझ्याकडे बोट करत म्हणाला, "आणि माझ्याआधी कोण होतं ते सांगा."

मग ते आईलाच सांगावं लागलं. ती उभ्या-उभ्याच बोलली, सूप वाढायचं सोडून. "लाझार," ती म्हणाली. "लाझार नाव ठेवलं होतं. डोळे तिरके, मऊ-मऊ. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, हे असं मूल आहे, काही शिकणार नाही, सरकारी आश्रमात ठेवून द्या, तुम्ही तरुण आहात, दुसरं होईल. तेव्हा सगळे तसंच सांगायचे गं. सगळेच ठेवायचे. सही यांच्या वडिलांनी केली. मी नाही केली." डाव पातेल्यात सोडून ती म्हणाली, "पण नको असंही म्हटलं नाही."

मला ते दिवस आठवतात. मी पाच वर्षांची होते. आई पोट घेऊन गेली आणि रिकामी परत आली. मला सांगितलं, बाळ ढगात गेलं. पुढे ओग्न्यान झाला आणि घरात तो विषय संपला. आम्ही जरा मोठे झाल्यावर एका उन्हाळ्यात बाबांनी आम्हा दोघांना बसने एका खेड्यात नेलं. पिऊन होते. एका लांबलचक खोलीत लोखंडी खाटा, मुताचा वास, आणि एक डोकं भादरलेला मुलगा. बाबा म्हणाले, "हा तुमचा भाऊ." त्या मुलाने ओग्न्यानच्या सदऱ्याचं बटण धरलं आणि सोडेना. हसत होता. शेवटी तिथल्या बाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याच हिवाळ्यात तो वारला. घरी पत्र आलं, ते बाबांनी चुलीत घातलं.

स्नेझिनाने सगळं ऐकून घेतलं. मग ती ओग्न्यानकडे वळली. आवाज खाली आलेला. "मग तुला भीती वाटते, की आपलं बाळ त्याच्यासारखं होईल?"

"मला बाळाची भीती नाही वाटत," तो म्हणाला. "आमची वाटते. आम्ही काय करतो ते मी पाहिलंय. उद्या डॉक्टर म्हणतील, तुमच्याच भल्याचं सांगतो, आणि मी पेन काढीन. मला माझी खात्री नाही, स्नेझा."

कोणी जेवलं नाही. स्नेझिनाने भांडी घासली, मी पुसली.

नंतर बरेच महिने तो भ्रूण वार्न्याला तसाच राहिला. स्नेझिनाने ओग्न्यानला विचारणं सोडलं. माझ्याजवळ मात्र यायची, स्वयंपाकघरात उभी राहायची. एकदा म्हणाली, "ताई, मला राग त्याचा येत नाही. राग याचा येतो की तो म्हणतो ते खोटं नाही." आणि एकदा म्हणाली, "माझ्या मनात येतं, तो वार्न्याला एकटाच आहे, थंडीत. डॉक्टर ऐकतील तर हसतील. काही जाणीव नसते त्याला, मला ठाऊक आहे. तरी येतं."

शरद ऋतूत आम्ही आईच्या बाल्कनीत मिरच्या भाजत होतो, चटणीच्या. आई खुर्चीवर बसून सालं काढत होती. हात काळे. एकाएकी ती म्हणाली, "मला लाझारकडे घेऊन चला."

ओग्न्यान म्हणाला, "कुठे? ते बंद पडून वर्षं झाली."

"पुरलं असेल ना कुठेतरी."

गेलो. ओग्न्यान गाडी चालवत होता, आई शेजारी, मी आणि स्नेझिना मागे. खेड्यात अर्ध्या घरांना कुलपं. आश्रमाची इमारत छप्पर कोसळून उघडी पडलेली, आतून झाडं उगवलेली. एका अंगणात अक्रोड गोळा करणारी म्हातारी भेटली. तिने हात पुसत स्मशानाची वाट दाखवली. "आश्रमातली पोरं ना? कुंपणाबाहेर, खालच्या अंगाला. खुणा नाहीत हं. लाकडी फळ्या होत्या, लोकांनी जाळायला नेल्या."

खालच्या अंगाला रानटी गुलाबाची झुडपं आणि गुडघाभर गवत होतं. जमीन मधे-मधे खचलेली, एवढीच खूण. आईने उकडलेल्या गव्हाचा डबा आणला होता, साखर घातलेला, आम्ही मेलेल्यांसाठी वाटतो तसा. ती इकडे-तिकडे बघत राहिली. मग एका खळग्यापाशी थांबली. "हा असेल," म्हणाली. कशावरून म्हणाली देव जाणे. मेणबत्ती वाऱ्यात पेटेना. स्नेझिनाने आपल्या जॅकेटचा आडोसा केला, ओग्न्यानने लायटर धरला. मेणबत्ती पेटली आणि लगेच विझली. आई म्हणाली, "असू दे." तिने गहू गवतात ओतले. तिला खाली बसायचं होतं, गुडघे वाकेनात. स्नेझिनाने तिला कमरेत धरून हळूहळू खाली बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. आई रडली नाही. तिने गवतावरून हात फिरवला, मूल झोपलंय आणि पांघरूण सारखं करावं तसा, आणि म्हणाली, "मी एकदाही आले नाही रे."

परतीच्या वाटेवर ओग्न्यानने पेट्रोल भरायला गाडी थांबवली. परत येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही. आरशातून स्नेझिनाकडे बघून म्हणाला, "वार्न्याला फोन कर."

"खात्री झाली तुझी?"

"नाही झाली."

"मग?"

"तरी कर."

हिवाळा उलटल्यावर तो भ्रूण आत ठेवला. आणि रुजला. हाजीएवाबाईंनी रक्ताचा निकाल फोनवर सांगितला, तेव्हा स्नेझिना डेपोत होती. ती म्हणे तिथल्या प्रत्येकीला मिठी मारत सुटली. तिला हलकं काम दिलं गेलं, ड्रायव्हरांचे पास तपासायचं. ओग्न्यान संध्याकाळी तिला आणायला जायला लागला, आणि घरी येताना दोघं बोलत यायची. म्हणजे तीच बोलायची, पण तो मधेच थांबून काहीतरी विचारायचा, हे मी आईच्या खिडकीतून पाहिलंय. आई बसल्या जागी म्हणाली, "जसं येईल तसं घरी आणायचं. ऐकलंत ना? कोणी डॉक्टर काही बोलला तर मला बोलवा. मी जिना उतरून येईन." ती गेल्या दोन वर्षांत जिना उतरली नव्हती, लाझारचा तो एक दिवस सोडला तर. आम्ही तिला त्या दिवशी खुर्चीत बसवून उचलून नेलं होतं.

पोटातल्या पाण्याच्या तपासणीची वेळ अजून दूर होती. स्नेझिना म्हणायची, तोवर मी काही मोजत नाही. पण एकदा मी तिच्या घरी गेले तर ती लाझारसारख्या मुलांच्या शाळेबद्दल फोनवर कुणाला तरी विचारत होती. रुसेत आहे का, किती मुलं आहेत, काय शिकवतात. मला बघून लाजली. "नुसतं विचारून ठेवते, ताई." मी म्हटलं, "विचार की." ती म्हणाली, "त्या बाई म्हणाल्या, मुलं गाणी छान म्हणतात."

मग सोनोग्राफी झाली, रुसेतच, नेहमीची. मी सोबत होते, ओग्न्यान कामावर होता. आधीच्या वेळी पडद्यावर काजव्यासारखं लुकलुकत होतं, ते या वेळी दिसेना. डॉक्टरने पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग आवाजाचं बटण बंद तर नाही ना, ते तपासल्यासारखं केलं. स्नेझिना छताकडे बघत म्हणाली, "सांगा. मला आता सवय आहे."

"ठोके थांबलेत."

तिने माझा हात धरला नाही. उठून पोट पुसलं, कागदाचा बोळा करून डब्यात टाकला आणि कपडे घातले. बाहेर आल्यावर म्हणाली, "ओगीला तू सांग. मला त्याचं तोंड बघवणार नाही."

मी बंदरावर गेले. तो बोटीच्या पोटात, तेलात बरबटलेला. मला वरून बघूनच त्याला कळलं. त्याने पाना ठेवला आणि हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "आजारी होतं म्हणून गेलं असेल," तो म्हणाला. "त्यालाच कळलं असेल." त्याला ते तसं असायला हवं होतं. मलाही हवं होतं. तसं असतं तर निदान कशाला तरी बोट दाखवता आलं असतं.

जे पडलं ते वार्न्याला तपासायला पाठवलं होतं. काही आठवड्यांनी हाजीएवाबाईंचा फोन आला. स्नेझिनाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. आम्ही चौघं आईकडे होतो.

"गुणसूत्रं बरोबर होती," बाई म्हणाल्या. "सगळी. जास्तीचं काही नव्हतं. नमुन्यात तुमच्याच पेशी मिसळल्या नाहीत ना, तेही तपासून घेतलं. मुलगी होती."

ओग्न्यान फोनवर वाकला. "म्हणजे ती ठीक होती?"

"गुणसूत्रांच्या बाबतीत, हो."

"मग गेली का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. मला वाईट वाटतं."

आई म्हणाली, "काय म्हणतेय ती? आजारी नव्हती?" तिने पुन्हा विचारलं. मग स्नेझिना तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "नव्हती, आई. चांगली होती." आई मान हलवत राहिली. नंतर त्या पूर्ण आठवड्यात ती मला दोनदा म्हणाली, "बघ, चांगली होती," जणू कुणी तिच्या नातीला नावं ठेवत होतं.

पुढच्या महिन्यात हाजीएवाबाईंनी दुसऱ्या बाईचं बीज घेण्याबद्दल सुचवलं. स्नेझिनाने ऐकून घेतलं, आभार मानले आणि नको म्हणाली. ओग्न्यान म्हणाला, विचार तरी करू. ती म्हणाली, "तू कर." त्यावरून भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. उन्हाळ्यात ओग्न्यानने नदीने वर ऑस्ट्रियापर्यंत जाणाऱ्या एका मालबोटीवर काम धरलं. सहा आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. घरी असतो तेव्हा नळ दुरुस्त करतो, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतो. दोघं एकमेकांशी फार नम्रपणे वागतात, पाहुणे असल्यासारखी. आई आता बहुतेक वेळ झोपून असते.

रविवारी स्नेझिना माझ्याकडे येते. गेल्या रविवारी जेवण झाल्यावर ती टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा करत बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "ती आजारी असती, तर मी तिला घरी आणलं असतं ना?"

"आणलं असतंस."

"आणि ओगीने?"

मी म्हटलं, "त्यानेही."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "पण वाटतंच. माहीत नाही. आणि आता कधी कळायचंही नाही." गोळा केलेले तुकडे तिने तळहातावर घेतले, इकडे-तिकडे बघितलं, आणि उठून ते बेसिनमध्ये टाकले. मग थाळ्या उचलल्या आणि नळ सोडला. मी फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. त्या दिवशी ओग्न्यानचा फोन आला नाही, आणि तिनेही केला नाही.